दोरीपलीकडच्या विटा

रविवारी पहाटे मॅलकी डोलन नव्या सायकलवाटेचे खुंट उपटत होता, तेव्हा त्याची बायको डिम्पना गमबूट घालून त्याच्यामागे उभी होती. मदतीला नव्हे, बघायला.

"हे खुंट कोणी ठोकले होते?" तिने विचारलं.

"समितीने."

"आणि समितीचा अध्यक्ष कोण?"

 मॅलकी एका खुंटाला मिठी मारून त्याला डोलवत होता, आणि खुंटापेक्षा तोच जास्त डोलत होता.

क्लोनाव्रीनची दलदल सरकारने राखीव केली, तिच्यातली पीटची माती जळणाच्या विटांसाठी कापायला बंदी आली, आणि मग तिच्यातून जाड टायरच्या सायकलींसाठी वाट काढायचं ठरलं. तेव्हापासून मॅलकी जमिनीवर नव्हता. जिथे फोटो निघतो तिथे तो असतोच, त्यामुळे अध्यक्ष तोच झाला. त्याने घट्ट चड्डी विकत घेतली. त्याला पाहून त्याच्याच कोंबड्या बिथरल्या. गावच्या रेडिओवर जाऊन तो म्हणाला की दलदल हा आपला आत्मा आहे, आणि तिच्यातली एक वीटसुद्धा कोणी हलवता कामा नये. हे बोलून तो घरी आला आणि त्याच आत्म्याच्या वाळलेल्या काळ्या विटा चुलीत पेटवून पाय शेकत बसला.

कारण बंदी आली ती इतरांना. बर्चच्या झाडीमागे मॅलकीचा वडिलोपार्जित तुकडा होता, आणि दर वसंतात तो तिथे गुपचूप कापणी करून विटा वाळवायचा आणि ट्रॅक्टरवर घालून घरी आणायचा. यंदाच्याही आल्या होत्या. शेड आढ्यापर्यंत भरली होती. झाडीमागे उरली होती ती नुसती कापलेली काळी भिंत, पण ती इतकी ताजी होती की आंधळ्यालाही दिसली असती.

त्याची कोणाला फिकीर नव्हती, कारण सायकलवाट तळ्याच्या बाजूने जाणार होती. पण शनिवारी निसर्गखात्याच्या रेंजर टूही बाईंना तळ्याकाठी किडे खाणाऱ्या झाडांचा ताटवा सापडला, आणि त्यांनी वाट उचलून थेट बर्चच्या झाडीकडे वळवली. सभेत याला अनुमोदन कोणी दिलं असेल? मॅलकीने. "झाड आधी, माणूस नंतर," असंही तो वर म्हणाला. कुठली झाडी ते त्याला घरी आल्यावर उमगलं.

आता तो पकडला गेला तर अध्यक्षपद जाणार होतं, पण त्यामुळे गावाचं काही अडत नव्हतं. खरी भीती विटांची होती. त्या जप्त झाल्या तर डिम्पनाचे सांधे हिवाळाभर कुरकुरणार होते, आणि ते ऐकायला घरात मॅलकीशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"झाडीच्या अलीकडेच वाट वळवतो," खुंट खांद्यावर टाकत तो म्हणाला. "मग आपल्या ट्रॅक्टरच्या वाटेने थोडं पुढे, आणि त्या तिथे उजवीकडे वळून परत मूळ वाटेवर. कुणाला पत्ता लागणार नाही."

"ट्रॅक्टरची वाट कुठे जाते, लक्षात आहे ना?"

"म्हणून तर वळणावर खुंट ठोकतोय."

"शेवाळात ठोकतोयस."

"डिम्पना, मी जन्म काढलाय या दलदलीत."

"तेच म्हणते मी," डिम्पना म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे घालायला निघून गेली.

दुपारी उद्घाटन झालं. डब्लिनहून सायकलवाले आले. सगळ्यांच्या पाठीवर पाण्याची पिशवी आणि तोंडात तिची नळी. ज्या गावात वर्षाचे बारा महिने आभाळ गळतं, तिथे ही माणसं घरून पाणी घेऊन आली होती. फादर कॉन्कॅनन यांनी सायकलींवर पवित्र पाणी शिंपडलं, तेवढ्यात वरूनही शिंपडलं गेलं. मग मॅलकीने भाषण केलं. दलदलीच्या सहनशीलतेविषयी तो इतका वेळ बोलला की जमलेल्यांना स्वतःच्या सहनशीलतेची कल्पना आली.

टूही बाई सर्वांत पुढे निघाल्या, त्यांच्यामागे डब्लिनवाले, त्यांच्यामागे फादर आपल्या जुन्या काळ्या सायकलवर. मॅलकी सर्वांत मागे राहिला. अध्यक्षाने पुढे असायला हवं होतं, पण अध्यक्षाला गिअर बदलता येत नव्हते.

सगळे झाडीच्या अलीकडे शिस्तीत वळले आणि ट्रॅक्टरच्या वाटेवर आले. इतका वेळ त्यांची चाकं चिखलात रुतत होती, ती इथे सुरेख पळायला लागली. का नाही पळणार? बंदी आल्यापासून मॅलकीने विटा वाहून वाहून ही वाट अशी कडक केली होती की सगळ्या दलदलीत तेवढीच जमीन जमिनीसारखी होती.

आणि वळणावर खुंट नव्हता. पहाटे शेवाळात ठोकलेला खुंट दुपारपर्यंत दलदलीने गिळला होता. वर फक्त त्याचं पिवळं टोक उरलं होतं, आणि ते फूल समजून एका डब्लिनवाल्याने त्याचा फोटोही काढला.

"उजवीकडे, उजवीकडे वळा," मॅलकी मागून ओरडत होता. पुढच्यांना वाटलं म्हातारा प्रोत्साहन देतोय. त्यांनी वेग वाढवला.

सगळी वरात मॅलकीच्याच अंगणात येऊन थांबली. शेडचं दार सताड उघडं होतं. आत जमिनीपासून आढ्यापर्यंत विटा, आणि बाहेर बादली घेऊन डिम्पना. फादर कॉन्कॅनन एकदम आभाळाकडे पाहायला लागले. दर शरदात त्यांच्याही दाराशी एक ट्रॉली रिकामी होत असे.

"मिस्टर डोलन," टूही बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

मॅलकी धापा टाकत पोहोचला होता.  तोंड उघडलं आणि आतून जे पहिलं बाहेर आलं ते त्याने येऊ दिलं.

"प्रदर्शन."

"कसलं?"

"जुन्या जीवनाचं. बंदीच्या आधीच्या विटा आहेत, माझ्या वडिलांच्या हातच्या. समितीला फेरीच्या शेवटी दाखवणार होतो, पण तुम्ही आधीच पोहोचलात."

"सासऱ्यांना जाऊन जमाना झाला," डिम्पना एका कोंबडीला म्हणाली. "पण फार कष्टाळू माणूस. अजून कापतोय."

टूही बाईंनी ते ऐकलं नाही. त्यांचे डोळे पाणावले होते. शिकलेल्या माणसाला 'वारसा' हा शब्द सुचला की त्याला पुढचं काही दिसत नाही. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की वाट कायमची याच अंगणातून जाईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन शेडला जाड दोरी बांधली आणि पाटी लावली, 'हात लावू नये'. पाटी सरळ आहे का ते बघायला मॅलकीला लांब उभं केलं होतं.

थंडी आली. डोलनांच्या घरात चूल होती आणि चुलीत राख होती. समितीने कौतुकाने अध्यक्षांना विजेची छोटी शेगडी भेट दिली. तिच्यात लाल दिवा लागायचा आणि ऊब फक्त दिव्याला मिळायची.

"माझे गुडघे," डिम्पना म्हणायची.

"दोरी आहे, डिम्पना. मी अध्यक्ष आहे."

"मग तुझं अध्यक्षपद दे इकडे, पांघरून झोपते."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी अंगणात दंव पडलं होतं. सायकलवाले केळी खात उभे होते आणि टूही बाई त्यांना पूर्वजांच्या साधेपणाविषयी सांगत होत्या. घराचं दार उघडलं. डिम्पना शाल गुंडाळून, बादली घेऊन बाहेर आली. तिने दोरी ओलांडली आणि विटा बादलीत भरायला लागली, एकेक, निवडून.

 टूही बाईंनी मॅलकीकडे पाहिलं. मॅलकीचे पाय पळायच्या बेतात होते, पण थाप मारायची सवय एकदा लागली की तोंड पायांवर अवलंबून राहत नाही.

"हा नाट्यप्रयोग आहे," तो म्हणाला. "बंदी आल्यावर बिचारे लोक विटा कशा चोरायचे, त्याचा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. डिम्पनाने मान वळवूनही पाहिलं नाही. ती आत गेली, दार लागलं आणि थोड्या वेळाने धुराड्यातून निळा धूर वर चढला.

"धूरसुद्धा," टूही बाई कुजबुजल्या. "केवढा बारकावा."

तेवढ्यात फादर कॉन्कॅनन पोतं झटकत पुढे आले. "मला आठवतं त्याप्रमाणे यात पाद्र्याचाही एक प्रवेश असायचा," ते म्हणाले आणि दोरी ओलांडून गेले.

पुढच्या रविवारी अर्ध्या गावाला अभिनयाची हौस आली. पोस्टमन, दाई, खाटीक, सगळे पोती घेऊन रांगेत उभे. ज्यांनी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं तेही मन लावून चोरी करत होते. टूही बाई हरखून गेल्या. एकच उणीव आहे, त्या म्हणाल्या, पहारेकरी नाही. ज्याच्या नाकाखालून सगळं जातं आणि ज्याला काही कळत नाही, असा एक माणूस हवा.

तो त्यांना लगेच सापडला. त्याचं काम उघड्या अंगणात होतं, त्यामुळे आतल्या उबेशी त्याचा संबंध नव्हता. नाताळच्या आदल्या रविवारी मॅलकी डोलन घट्ट चड्डीत काकडत दोरीपाशी उभा होता आणि गावातल्या घराघराच्या धुराड्यातून त्याच्या विटांचा धूर निघत होता. मागे शेडमध्ये बादलीचा आवाज आला.

"मॅलकी, पाठ फिरव," डिम्पना म्हणाली. "शेवटची वीट राहिलीय."

सायकलवाल्यांनी फोटोसाठी फोन वर केले, आणि मॅलकीने पाठ फिरवली.