दहा शब्दांचा खांदा

रविवारी सकाळी आठ वाजता तारमास्तरांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, झाकणाच्या कडेनं भिजवलेल्या कणकेची वळी लावली, ती अंगठ्यानं दाबून दाबून सारखी केली आणि गॅस इतका बारीक केला की ज्योत दिसायला वाकावं लागावं. आत कोकराचा अख्खा खांदा होता. अडीच किलोचा, हाडासकट, रात्रभर दही, आलं, लसूण आणि मिरीत मुरलेला. खाली कांद्याचा जाड थर, वर दोन तमालपत्रं. बारा वाजेपर्यंत त्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम त्यांनी काढला. घरात हुकूम ऐकायला माणसं दोनच, बायको आणि वडील. दोघंही हुकूम न ऐकण्यात तरबेज.

"पाणी घातलंत का?" बायकोनं विचारलं.

"खांद्याला पाणी लागत नाही. स्वतःच्या चरबीत शिजतो तो. खाटकानं सांगितलंय."

"मांडीच्या वेळीही खाटकानंच सांगितलं होतं."

मास्तर वाकून ज्योत बघू लागले. मांडीचा विषय निघाला की ते गेली चार वर्षं असंच भलतीकडे बघत. चार वर्षांपूर्वी त्यांनी कोकराची मांडी भाजून सगळ्या घराला जेवायला बोलावलं होतं. धाकट्या भावानं पहिला तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला, मग तो बाहेर काढून उजेडात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, हे मटण आहे की माझ्या टेंपोचा पट्टा?" मास्तर म्हणाले, "आवडत नसेल तर ऊठ." धाकटा उठला. तो उठला तो उठलाच. घरी येणं बंद, फोन बंद, मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपमधूनही तो बाहेर पडला. नंतर दोघांनाही वाटलं की जरा जास्तच झालं, पण दोघांनाही वाटलं की हे आधी दुसऱ्यानं म्हणावं.

गेल्या महिन्यात वडिलांनी, म्हणजे आबांनी, हा तिढा स्वतःच्या हातात घेतला. "माझं वय चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. "दात सतरा. ते आहेत तोवर तुम्हा दोघांना एका टेबलाशी जेवताना बघायचंय. आणि खांद्याचं मटण कर. मऊ."

तेव्हापासून मास्तर तालीम करत होते. पहिल्या रविवारचा खांदा करपला. दुसऱ्या रविवारचा हाडाशी कच्चा राहिला. तिसऱ्या रविवारचा असा जमला की बायकोनं न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती न बोलता काही करते हीच मोठी पावती. चौथा रविवार आजचा.

आमंत्रण मात्र त्यांनी मुद्दाम पाठवलं नव्हतं. पातेलं चुलीवर चढेपर्यंत कुणाला कळवायचं नाही, म्हणजे ऐन वेळी फसलं तर माघार घेता येते, हा हिशेब. आता पातेलं चढलं होतं. मास्तरांनी हात पुसले आणि मोबाइल घेतला.

इथे त्यांच्या नोकरीविषयी सांगायला हवं. मास्तरांनी चौतीस वर्षं तारघराच्या खिडकीत बसून लोकांचे शब्द मोजले. माणसं लांबलचक मजकूर घेऊन यायची आणि मास्तर लाल पेन्सिलीनं त्यातून 'कृपया', 'लवकरात लवकर', 'आपला नम्र' असली सगळी बांडगुळं छाटून दहा शब्दांत बसवून द्यायचे. तारा बंद झाल्या, खिडकी बंद झाली, पण पेन्सिल डोक्यात चालूच राहिली. वाण्याच्या यादीतसुद्धा ते 'आणि' लिहीत नसत. त्यांनी लिहिलं:

"आज बाराला खांदा. आबांची इच्छा होती. सगळे या. धाकट्यालाही कळवा."

मोजून दहा. त्यांना बरं वाटलं. मजकूर घरच्या ग्रुपवर गेला. ग्रुपात माणसं सत्तावीस, पण चार तासांच्या आमंत्रणावर जेवायला कोण लांबून येतंय? बहीण, आत्या, धाकट्याचं घर असे जवळचे आठ जण येतील. एका खांद्याला आठ माणसं म्हणजे चोख.

"धाकटा येणार, तर मी दाढी करून येतो," आबा म्हणाले. "असा बघितलं तर म्हणेल, दादानं म्हाताऱ्याची आबाळ केली." बायको त्यांना घेऊन न्हाव्याकडे गेली; रविवारची रांग म्हणजे दोन-तीन तास तरी. तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला, तो तसाच राहिला.

मास्तर कांदे चिरायला बसले. इतक्यात त्यांचा मोबाइल वाजायला लागला. बोटं लसणानं आणि तेलानं माखलेली, मोबाइल काही केल्या बोट ओळखेना. वाजून थांबला, परत वाजला. साडेनऊपर्यंत एकोणीस फोन येऊन गेले होते. वरच्या वर जेवढं दिसलं तेवढं त्यांनी वाचलं. हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती. 'खांद्याला एवढा मान!' मास्तरांना भरून आलं. बहिणीनं नुसतं लिहिलं होतं, "शब्दच नाहीत." ते खूष झाले. या घरात अखेर कुणीतरी शब्द वाचवायला शिकलं.

साडेदहाला दार वाजलं. दारात आत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण, सुनेच्या हाताला धरून उभी. मास्तरांच्या डोळ्यांतून कांद्याचं पाणी घळाघळा वाहत होतं.

"रडू नकोस रे बाळा," म्हणत आत्यानं त्यांचं डोकं छातीशी धरलं. मास्तर बासष्ट वर्षांचे होते, पण आत्या मायेची होती, म्हणून त्यांनी धरू दिलं.

"कधी झालं रे?"

"पहाटे उठलो. आठला सगळं आटपलं."

"त्रास नाही ना झाला?"

"पहिल्या दोन वेळा झाला. या वेळी काही नाही."

"या वेळी?" आत्यानं सुनेकडे बघितलं. सुनेनं मान खाली घातली. दुःखात माणूस काहीही बोलतो. "चला, सुटला बिचारा," आत्या डोळे टिपत म्हणाली.

"छे, एवढ्यात कसला सुटतोय! हाडापासून सुटायला अजून तास-दीड तास लागेल."

आत्या मटकन खुर्चीत बसली.

तेवढ्यात बहीण आणि तिचा नवरा आले. पाठोपाठ दोन चुलत भाऊ, त्यांच्या बायका, त्यांची मोठी पाच मुलं, कुठल्याशा लांबच्या गावाहून गाडी करून आलेले एक मामा, आणि एक गृहस्थ, ज्यांचं नातं मास्तरांनाही नीट आठवेना. सगळे साध्या कपड्यांत, चेहरे उतरलेले. मास्तर एकेक मुंडकं मोजत होते. आठ, अकरा, पंधरा. आत्ता त्यांना खरंच रडू यायला लागलं. एका खांद्याला पंधरा!

"दादा, कुठे ठेवलंय?" बहिणीनं हुंदका आवरत विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"स्वयंपाकघरात?"

"मग कुठे ठेवणार? बैठकीत?"

"एकदा बघू दे रे मला."

"अजिबात नाही. झाकण कणकेनं बंद केलंय. बाराच्या आधी कुणी उघडायचं नाही."

मेहुणे समजूतदार माणूस. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून हलक्या आवाजात विचारलं, "बर्फाची वगैरे सोय केलीत ना? उकाडा आहे."

"रात्रभर फ्रीजमध्ये होता. आता मंद आचेवर आहे."

मग आत्यानं जो गळा काढला, तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला. आणि नेमका त्याच वेळी खाली टेंपो थांबला.

टेंपोतून धाकटा उतरला. मागून त्याच्याकडचे सहा हमाल उतरले, खांद्यावर दुमडलेले टॉवेल टाकून, आणि दोघांच्या हातात पांढऱ्या फुलांचं एवढं मोठं चक्र की जिन्यात तिरकं करावं लागलं. धाकटा दारात आला. चार वर्षांनी दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले.

"आलास," मास्तर म्हणाले.

"येणार नाही असं वाटलं होतं का?" धाकट्याचा आवाज चिरकला. "खांद्याला माणसं कमी पडू नयेत म्हणून सहा जण आणलेत."

"सहा?" मास्तर किंचाळले. "अरे, खांदा एकच आहे!"

"म्हणजे काय? चार तरी लागतातच ना!"

"चार खांदे? कोकराला खांदे असतात किती?"

धाकट्यानं भावाकडे निरखून बघितलं. मग खोलीभर बघितलं. मग नाकानं एक खोल श्वास घेतला. लसूण, मिरी, वितळणारी चरबी. "दादा," तो सावकाश म्हणाला, "आबा कुठेत?"

"न्हाव्याकडे."

"कसे गेले?"

"चालत. कसे म्हणजे?"

तेवढ्यात दारातून आबाच आले. गुळगुळीत दाढी, केस पाण्यानं चापून बसवलेले, गालावर पावडर. मागे बायको. आबांनी आधी जमाव बघितला, मग चक्र, मग चक्रावरची फीत, आणि चष्मा वर करून ती मोठ्यानं वाचली. "'लाडक्या आबांस.' अरे वा. फुलं ताजी आहेत."

आत्या परत रडायला लागली, पण आता वेगळ्या सुरात.

बायकोनं मास्तरांच्या हातातून मोबाइल काढून घेतला, पदरानं काच पुसून तो उघडला आणि मजकूर वाचला. "'मटणाचा' हा एक शब्द जास्त घातला असता, तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"अकरा झाले असते," मास्तर पुटपुटले.

आबा मात्र रंगात आले होते. कोण कुठून आलं, कोण किती रडलं, याची त्यांनी रीतसर चौकशी केली. लांबचे मामा रडले नव्हते, त्यांना त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मग ते धाकट्यापुढे थांबले. "तू रडलास?"

"टेंपो चालवत होतो. रस्ता दिसायला नको?"

"म्हणजे रडलास."

धाकट्याचे कान लाल झाले आणि रडण्याचा राग रडवणाऱ्यावर निघाला. "चार वर्षं एक शब्द नाही, आणि बोलावलंस तर असं? माझ्या बायकोनं दुकान बंद करून पोरांना आणायला धाव घेतलीय. जेवायला बोलावतोयस हे कळलं असतं ना, तर आलो नसतो मी!" तो वळला. "चला रे!"

मास्तरांनी तोंड उघडलं. अडवायचं होतं, पण योग्य शब्द सापडेना. आयुष्यभर त्यांनी शब्द कापले होते, आणायची सवय नव्हती. घड्याळात बाराचे ठोके पडले. त्यांना एकच गोष्ट सुचली. ते स्वयंपाकघरात गेले आणि उलथन्याच्या टोकानं कडक झालेली कणीक फोडली.

झाकण उचललं आणि वास बाहेर पडला. तो बैठकीतून गेला, दारातून गेला, जिन्यात उतरला. जिन्यात सहाच्या सहा हमाल थांबले.

"मालक," त्यांच्यातला वयस्कर म्हणाला, "घाईघाईत कुणीच काही खाल्लं नाही सकाळपासून."

धाकटा दोन पायऱ्या खाली उभा होता. त्यानं सुस्कारा सोडला. "माणसं उपाशी कशी नेणार? माझा नाइलाज आहे," तो भिंतीला म्हणाला, आणि वर आला.

तोवर धाकट्याची बायकोही तिन्ही पोरांना घेऊन पोचली. एकूण माणसं एकोणतीस. बायकोनं कुणाला काही न विचारता दोन पातेली भात टाकला, बहिणीला बटाटे सोलायला बसवलं आणि खांद्याखालचा रस्सा काढून त्यात ते शिजत घातले. शेजाऱ्यांकडून ताटल्या आल्या. मास्तरांनी खांद्याला चमचा लावला. सुरी लागलीच नाही. हाड स्वच्छ, पांढरं, आपणहून बाजूला झालं. मटण तंतूतंतूनं सुटलं. माणशी दोन चमचे बसत होते.

टेबलाच्या एका टोकाला धाकटा बसला, दुसऱ्या टोकाला आबा, पातेलं आबांच्या समोर. बाकीचे जागा मिळेल तिथे. पहिलं ताट मास्तरांनी स्वतः वाढून धाकट्यासमोर ठेवलं, दुसरं त्याच्या शेजारी स्वतःसाठी, आणि ते बाजूला उभे राहिले. बाकीच्या अठ्ठावीस माणसांपैकी कुणीही वाढून घ्यायला ताटली पुढे केली नाही. सगळे धाकट्याच्या जबड्याकडे बघत होते.

धाकट्यानं घास घेतला. चावायला गेला, तर चावायला काही उरलंच नव्हतं. त्यानं गिळलं. ताटाकडे बघितलं. भावाकडे बघितलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

आत्यानं बहिणीचा हात घट्ट धरला. बायकोनं डोळे मिटले. मास्तरांच्या कपाळावरची शीर टम्म फुगली. तोंडापर्यंत एकच शब्द आला, दोन अक्षरी, चार वर्षं जुना. तो त्यांनी ओठांवर अडवला, तसाच मागे वळवला आणि ते स्वयंपाकघरात गेले. परत आले ते मिठाची बरणी घेऊन. बरणी त्यांनी धाकट्यापुढे ठेवली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

धाकट्यानं चिमूटभर मीठ घेतलं. अर्धं स्वतःच्या ताटात टाकलं, अर्धं दादाच्या. "आता जमलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पट्टा नाही हा."

"नाही ना?"

"नाही. कुणी शिकवलं रे?"

"खाटकानं," मास्तर म्हणाले, आणि मग त्यांना शब्द सुचायलाच लागले. किती तापवायचं, कणीक किती जाड लावायची, पहिला कसा करपला, दुसरा कसा कच्चा राहिला. चार वर्षांचं साठलेलं बोलणं त्यांनी खांद्याच्या पाककृतीत घालून सांगितलं. धाकटा मध्ये मध्ये "हो का?" म्हणत होता. आत्या, बहीण, मेहुणे, मामा, हमाल, सगळे रिकाम्या ताटल्या हातात धरून त्या दोघांकडे बघत होते. कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं, कुणाच्या तोंडाला.

"अजून वाढ," शेवटी धाकटा म्हणाला.

मास्तर आनंदानं चमचा घेऊन पातेल्याकडे गेले. पातेल्यात तमालपत्राची दोन पानं होती.

आबा हाताची बोटं एकेक करून पुसत होते. समोर हाड होतं, शिंपल्यासारखं चकचकीत.

"मिटलं का तुमचं?" त्यांनी विचारलं. "छान. आता कुणीतरी भात वाढा या लोकांना. लांबून आलेत बिचारे."