निकमकाकांची नोंद

आमच्या शेजारच्या निकमकाकांच्या तावडीतून भाजीवालीही सुटत नसे. मखमलाबादहून येणारी सखूबाई पाटी टेकवायची आणि काका दारातूनच सांगायचे, "मेथी दोन जुड्या, कोथिंबीर एक. परत म्हणा!"

"मेथी दोन, कोथिंबीर एक. रोजचंच हाय ना बाबा, रोज काय वदवून घेता!"

"बरोबर," काका म्हणायचे आणि मगच पिशवी पुढे करायचे.

त्यांचा तरी काय दोष? सगळी नोकरी विमानतळाच्या मनोऱ्यात गेलेली. वैमानिकाला सूचना द्यायची, त्याने ती शब्दन् शब्द परत म्हणायची, तेव्हा कुठे विमान खाली यायचं. निवृत्त होऊन गंगापूर रोडला आमच्या सोसायटीत आले ते ही खोड घेऊनच. काकू म्हणायच्या, "अहो, लग्नात भटजींनाही परत म्हणायला लावणार होते. माझ्या वडिलांनी डोळे वटारले म्हणून मुहूर्त गाठला."

काकांच्या एका गोष्टीला मात्र 'बरोबर' म्हणायला कोणी तयार नव्हतं. नोकरीत असताना एकदा भर दुपारी समोरच्या डोंगरावर त्यांना काहीतरी दिसलं. रुपेरी, दुधी भोपळ्यासारखं लांबट. पंख नाहीत, आवाज नाही. हवेत एका जागी उभं राहिलं आणि सरळ वर निघून गेलं. काकांनी नोंदवहीत तसंच्या तसं लिहिलं. साहेब म्हणाले, "फुगा लिहा आणि मोकळे व्हा." काका म्हणाले, "फुगा मी ओळखतो. तो नव्हता." बढती गेली ती गेलीच.

सोसायटीला आयतंच सापडलं. "काय काका, पाहुणे उतरले का आज?" जो तो विचारायचा. सगळ्यांत वाईट मी. मी शिक्षिका, शाळेत मुलांची नाटकं बसवायची हौस, म्हणून एका गणपतीत मी काकांवरच नाटुकलं बसवलं. पितळी परात दोरीला बांधून स्टेजवर सोडली. लोक हसून हसून लोळले. काका पहिल्या रांगेत. संपल्यावर माझ्याकडे आले. म्हटलं, झाली आता खरडपट्टी!

"छान झालं," ते म्हणाले. "फक्त परात गोल होती. ते लांबट होतं."

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी एका सकाळी एक उंच गृहस्थ निकमांचं घर विचारत माझ्या दारात आले. कॅप्टन राजे, वैमानिक, नुकतेच निवृत्त झालेले. मी त्यांना काकांकडे घेऊन गेले आणि चहाच्या निमित्ताने तिथेच ठाण मांडलं. भोचकपणा, दुसरं काय!

"त्या दुपारी विमान उतरवत होतो तो मीच," कॅप्टन मला सांगू लागले. "मलाही दिसलं. रेडिओवर बोलायचा धीर झाला नाही. उतरल्यावर धावत मनोऱ्यात गेलो, तर हे म्हणाले, 'तुम्ही कळवलंत तर वेड्यात काढतील, विमान चालवणं बंद होईल. घरी तान्हं बाळ आहे तुमचं. गप्प बसा.' आणि वहीत लिहिलं, 'रेडिओवर कोणी काही कळवलं नाही.'"

"खरंच होतं ते," काका घाईघाईने म्हणाले. "रेडिओवर नव्हतंच कळवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साक्षीदार असून हा माणूस इतकी वर्षं एकटा हसं करून घेत होता, आणि मी परात नाचवत होते.

कॅप्टननी सही केलेला कागद काकांच्या हातात दिला. "आता माझं कोण काय बिघडवणार? मीही पाहिलं, निकमसाहेब. लांबट होतं, रुपेरी होतं, सरळ वर गेलं."

काकांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. कसंबसं म्हणाले, "परत म्हणा."

कॅप्टननी परत म्हटलं. काकू पदराने डोळे टिपत होत्या. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"लांबट होतं," मी म्हटलं. "रुपेरी. सरळ वर गेलं. चुकलं माझं, काका."

"बरोबर," काका म्हणाले आणि डोळे न पुसताच हसले.