माझं विमान तिसऱ्या खुणेला जमीन सोडतं!

मंडळी, माझं विमान किती वजन पेलतं, हे मला साखरझोपेतून उठवून विचारा. तेराशे वीस पौंड! त्यात विमान स्वतः आलं, पेट्रोल आलं, मी आलो आणि माझी बायको आली. पन्नास नॉट वेगाला नाक उचलायचं, एकशे दहानं मजेत जायचं, आणि पंचेचाळीसच्या खाली वेग गेला की गडी उडायचं सोडून पडायला लागतो. आमच्या आयोवात मका काय, कुणीही पिकवतो. पण ट्रॅक्टरच्या शेडमध्ये असं देखणं पिवळं विमान बाळगणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटा!

अडचण एकच. माझी बायको मार्लिस त्यात बसायला तयार नव्हती. तीन वर्षं नुसतं "बघू" चाललं होतं. अखेर ऑगस्टातल्या एका शनिवारी ती म्हणाली, "वर्लिन, एकदाच बसेन. आवडलं तर ठीक. घाबरले, तर विमान विकायचं. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. आकडे पाठ असलेल्या माणसाला कसली भीती?

निघालो ओल्डेनला. तिथल्या गवती धावपट्टीवर दरवर्षी पॅनकेकची न्याहारी असते. आम्ही वैमानिक विमानं घेऊन जातो, गावकरी भूक घेऊन येतात. वाटेत मार्लिस काचेला नाक लावून बसली होती. खाली आमचं चर्च दिसलं तेव्हा तर टाळ्या पिटल्या तिनं!

"इतकं छान असतं हे? आधी का नाही सांगितलंस?"

"तीन वर्षं दुसरं काय सांगत होतो गं मी?"

ओल्डेनला तिचा भाऊ आर्विड भेटला. हा जत्रेत स्पर्धेच्या डुकरांची वजनं करतो, त्यामुळे वजनातलं आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत. "काय कॅप्टन," तो म्हणाला, "हे खेळणं दोघांना घेऊन उडतं?"

"ती तिसरी पांढरी खूण बघ. तिथं माझी चाकं जमीन सोडणार. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही!" मी जरा मोठ्यानंच म्हणालो. जरा म्हणजे, पॅनकेकच्या रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल इतकंच.

झालं! परत निघताना सगळा गाव धावपट्टीच्या कडेला. एवढे लोक बघताहेत म्हटल्यावर मी विमानाभोवती नुसती रुबाबात फेरी मारली. खुर्च्यांमागं सामानाच्या जागेवर मार्लिसची गोधडी जरा जास्तच फुगलेली दिसली. असू दे म्हटलं. काच ओढली आणि दिला पूर्ण जोर!

पहिली खूण गेली. दुसरी गेली. तिसरी गेली! वेग चाळिसावर रेंगाळतोय, शेपूट जड, नाक माझ्या परवानगीशिवाय वर, आणि चाकं जमिनीला चिकटलेली!

"वर्लिन, मका!"

"दिसतोय!"

"मग वर घे ना!"

मी इंजिनचा जोर काढला आणि ब्रेकवर उभाच राहिलो. थांबलो तेव्हा पट्टीच्या टोकाच्या शेतातलं मक्याचं एक कणीस काचेवर टकटक करत होतं. इथं मला माझं थोडं कौतुक करू द्या. निम्म्या पट्टीत वेग आला नाही तर उड्डाण सोडून द्यायचं, हा नियम भल्याभल्यांना ऐनवेळी आठवत नाही. मला आठवला! फक्त त्यानंतरचं वाक्य तोंडातून निघायला नको होतं. धापा टाकत आलेल्या गर्दीसमोर मी म्हणालो, "मार्लिस, तू पॅनकेक किती खाल्लेस?"



"मेलास तू," आर्विड पुटपुटला.

"आर्विड," मार्लिस अगदी शांतपणे म्हणाली, "तुझा डुकरांचा काटा आण."

काटा आला. सगळ्या गावासमोर ती ताठ मानेनं वर चढली. तिनं मला सांगितलं होतं तेवढंच वजन भरलं. मग मी चढलो. मीही हिशेबात लिहिल्याबरहुकूम! "बघा, माझ्या हिशेबात एका पौंडाची चूक नाही!" मी ओरडलो.

"मग गोधडीखाली काय आहे रे?" हे बर्निसनं विचारलं. वय अठ्ठ्याहत्तर, उभा जन्म पिकांवर औषध फवारणारी विमानं चालवलेली बाई. तिनं गोधडी उचलली.

झुकिनी! दुधीएवढ्या थोराड, हिरव्यागार झुकिन्या, थेट छतापर्यंत!

आमच्याकडे ऑगस्टात गाड्यांना कुलपं लागतात ती चोरांच्या भीतीनं नव्हे. परसात ही भोपळ्याच्या जातीची भाजी इतकी माजते की खाऊन संपत नाही आणि फेकवत नाही. मग उघडी गाडी दिसली की लोक गुपचूप आत ठेवून पसार होतात. मी माझी गाडी न चुकता बंद करतो. विमानाला मात्र कुलूपच नाही!

"मी दोनच ठेवल्या होत्या," पाद्रीबुवा म्हणाले.

"मीही दोनच!"

"आम्हीपण. वर छान झाकूनसुद्धा ठेवल्या!"

काट्यावर एकशे चाळीस पौंड भरल्या. म्हणजे एक धडधाकट तिसरा प्रवासीच की! तोही जेमतेम वीस पौंड सामान चालतं त्या जागेत!

"मी परत विमानानंच जाणार," मार्लिस म्हणाली. माझी छाती फुगली. "पण बर्निसबरोबर. ती निघण्याआधी गोधडी उचलून बघते."

मी आर्विडच्या गाडीत, मांडीवर झुकिन्या. पण आमच्या पिवळ्या विमानानं बरोबर तिसऱ्या खुणेला जमीन सोडली, तेव्हा मी खिडकीतून निम्मा बाहेर येऊन ओरडलो, "बघितलंत? सांगितलं नव्हतं? तिसरी खूण!"

"आत बस," आर्विड म्हणाला. "सांडतायत."

घरी पोचलो. मार्लिस शेडपाशी उभी होती.  मी भीत भीत विचारलं, "मग... विकायचं?"

"वेड लागलंय? बर्निस मला सोमवारपासून शिकवणार आहे!"

मंडळी, दोन-दोन वैमानिकांचं घर तालुक्यात एकच, आमचं! कुणीही येऊन बघावं. संध्याकाळी विमान डोक्यावरून जातं तेव्हा मी अंगणातून हात हलवतो. बर्निस शिकवते, मार्लिस चालवते आणि खुर्च्या दोनच आहेत ना!