पायगोंडा पाटलांचे मौन आणि बोलकी पेटी

पायगोंडा पाटलांनी अनंत चतुर्दशीला निर्जळ उपवासाच्या जोडीला मौनही धरले, आणि ज्या घरात महिनोन्‌महिने कोणा माणसाने त्यांना काही विचारले नव्हते, त्या घरात नेमका त्याच दुपारी प्रश्न आला. तो स्वयंपाकघरातल्या पेटीने विचारला.

"नमस्कार. आज आपण शीतकपाट उघडले नाही. आपली प्रकृती ठीक आहे ना?"

ही पेटी जिनेशने बसवली होती. आई, म्हणजे चंदनबाला, वारल्यावर म्हातारा एकटा राहतो याचा पुण्यातल्या या मुलाला घोर लागला होता. फ्रिजच्या दाराला एक चकती, फडताळावर पेटी, आणि दोन्हींचा संबंध थेट इंटरनेटशी. दुपारपर्यंत दार उघडले नाही, तर पेटी विचारपूस करी. उत्तर आले नाही, तर आधी जिनेशला, मग शेजारच्या सयाजीला आणि शेवटी रुग्णवाहिकेला वर्दी देई. पेटी बसवताना जिनेशने अट घातली होती, "एकदा जरी हिला उत्तर मिळालं न्हाई, की घराला कुलूप आणि तुमी पुण्याला. मग मी काय ऐकणार न्हाई, अण्णा."

आष्ट्याजवळचे ते गाव आणि बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, खांबाशेजारची आपली बैठक सोडण्याची पायगोंडांची मुळीच इच्छा नव्हती. तरीही त्यांनी अट निःशंकपणे मान्य केली. कारण उत्तर देण्यात ते उभ्या आयुष्यात कोणाला कमी पडले नव्हते. एरवीच्या उपवासांना ते पेटीला "बरा हाय" असे ठणकावत, आणि वर "उपासाच्या दिवशी फ्रिज कशाला उघडू? वासानं पोट भराय?" असा वादही घालत. पेटी वाद घालत नसे. तेवढीच एक उणीव त्यांना तिच्यात आढळली होती.

मौन मात्र यंदा प्रथमच होते. गतवर्षी बस्तीत मौन धरलेल्या एका श्रावकाने हाताच्या खुणेने आपल्या चपला मागितल्या, तेव्हा पायगोंडांनी त्याला भर मंडपात धारेवर धरले होते. "हातानं बोलला, मानेनं बोलला, तरी ते बोलणंच. मग तोंडानं काय पाप केलंय?" खरे मौन म्हणजे खूण नाही, लेखन नाही, होकार नाही, नकार नाही, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. त्यावर मागून कोणीतरी म्हणाले, "मग तुमी धरून दाखवा की!"

ते आता दाखवत होते. व्रताची वाच्यता म्हणजे पुन्हा बोलणेच, म्हणून त्यांनी ते कोणालाही कळवले नव्हते. सकाळभर ते बस्तीत बसले, परतले, आणि आपण एक अक्षरही उच्चारले नाही हे कोणाच्या लक्षातही आले नाही. ही गोष्ट त्यांना उपवासापेक्षा अधिक लागली.

पेटीने पुन्हा विचारले. पायगोंडा विचारात पडले. बोलावे, तर मौन मोडते. नुसते फ्रिजचे दार उघडावे काय? पण दार उघडणे म्हणजे 'मी बरा आहे' असे पेटीला कळवणेच. त्यांनी स्वतःच्या सिद्धान्तात पळवाट शोधली. पण तो इतका काळजीपूर्वक बांधलेला होता, की खुद्द कर्त्यालाही बाहेर पडता येईना. मोबाईल वाजला. पडद्यावर जिनेशचे नाव बराच वेळ उजळले आणि विझले.

मग सयाजी आला. तो सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार. गणपतीच्या मिरवणुकीतून तसाच धावत आल्यामुळे नखशिखान्त गुलालाने माखलेला.

"पाटील! आवं पाटील! हायसा का गेलासा?"

पायगोंडा बाजेवर ताठ बसून त्याच्याकडे पाहत होते.

"हायत की! मग बोला की वं. आवं, गटारावनं भांडताना मला कवा एक सबूद उधार ठेवला न्हाई तुमी! शिवी तरी द्या."

सुंदर शिवी जिभेवर आली. पायगोंडांनी ती गिळली.

सयाजीचा चेहरा उतरला. त्याने जिनेशला व्हिडिओ कॉल लावला. "जिनेश, बाप जागा हाय गड्या, बघतोय टकाटका. पर वाचा गेलीया."

"अण्णा!" पडद्यातला जिनेश घाबराघुबरा झाला होता. "बोलू नका, नुसती मान हलवा. अण्णा, मान!"

मान हलली नाही.

"मी निघालोच," जिनेश म्हणाला.

इकडे पेटीने बोलावलेली रुग्णवाहिका गल्लीत मिरवणुकीच्या मागे अडकली. मंडळाने तिला पुढे काढून दिले. पण पुढे म्हणजे ढोलपथकाच्या मधोमध. त्यामुळे पायगोंडांच्या दारी रुग्णवाहिका वाजतगाजत आली आणि निम्मे गाव तिच्या मागोमाग आत शिरले. ज्या ओसरीवर फक्त वीजबिल येऊन पडे, तिथे आज पाय ठेवायला जागा उरली नाही. पायगोंडांना हे दृश्य पाहून भरून आले, आणि भरून येणे हेही बोलणेच ठरेल की काय, या शंकेने त्यांनी डोळे कोरडे ठेवले.

रुग्णवाहिकेतून आलेल्या डॉक्टर शिवांजलीने नाडी पाहिली, दाब पाहिला. "आजोबा, हात वर करा. जीभ दाखवा." काही नाही. तिने तळव्याला किल्लीने गुदगुली केली. पाय झटकन मागे आला. ही खूण धरावी की न धरावी, यावर पायगोंडांचे मनातल्या मनात बराच वेळ चालले.

"नाडी माझ्यापेक्षा चांगली आहे," ती चक्रावून म्हणाली. "पण प्रतिसादच नाही. सलाईन लावून सांगलीला हलवूया."

"सलाईन न्हाई लावायचं!" सयाजीची बायको शालूबाई गर्दी सारत पुढे आली. "आज पाण्याचा थेंब घेत न्हाईत ही माणसं. आन्‌ बाई, लकवा-बिकवा काय न्हाई ह्यो. म्हातारं रुसलंय."

"रुसलंय? कुणावर?"

"पोरावर. दिवाळीला येतो म्हनला, आला न्हाई. उन्हाळ्यात येतो म्हनला, पेटी बोलती म्हनून गप बसला."

पायगोंडांना हे साफ खोडून काढायचे होते. मुद्देही तयार होते. परंतु त्यातला एकही खरा नव्हता, हे त्यांना मौनामुळे प्रथमच नीट ऐकू आले.

मुलगा येईपर्यंत थांबायचे ठरले. विसर्जनाची वेळ झाली, तशी ओसरी रिकामी झाली. शालूबाई तेवढी उंबऱ्याशी बसून राहिली, आणि दिवेलागणीला जिनेशची गाडी दिसल्यावर तीही उठली.

जिनेश आत आला, त्याने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि तो ट्रंकेतले कपडे काढून बॅग भरू लागला. "चला पुण्याला. ठरलं होतं आपलं." धोतराची कशीबशी घडी करत तो बोलतच राहिला; बहुधा समोरून उत्तर येणार नाही म्हणूनच. "तिथं तरी कोण हाय म्हणा. तुमची सून प्रीती चैत्रापासनं बेंगळुरात असते, नोकरीचं निमित्त करून. तुमाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं, तर चूक कुणाची याचा तुमी निकाल लावत बसला असता. मी घरात शिरलो की दिवा आपोआप लागतो. पहिल्यांदा बरं वाटायचं, कुणीतरी लावल्यागत. आता शिरू वाटत न्हाई. तुमी आला, बोलत नसला तरी, घरात कुणीतरी..."

"जेवलास का?"

धोतर जिनेशच्या हातून पडले. "अण्णा! तुमाला बोलता येतंय?"

"मौन होतं. उद्या सूर्य उगवस्तवर."

"आणि दिवसभर सगळ्या गावाचा जीव टांगणीला लावला? मग आता कशाला मोडलं?"

"धोतराची घडी बघवंना," पायगोंडा म्हणाले.

जिनेश हसला की रडला हे त्या उजेडात कळले नाही. तो जमिनीवर बसला. त्याने विचारले, "मग? कुलूप लावायचं का न्हाई?"

"उद्या जमायचं न्हाई. मोडलेलं मौन परत पुरं करावं लागतं. नियम हाय."

"म्हणजे उद्या पेटीला उत्तर द्यायला मी थांबू?"

"पेटीचं काय घेऊन बसलास?" पायगोंडांनी खाली पडलेले धोतर उचलून मांडीवर घेतले आणि ते नीट घडी घालू लागले. "तू मला सांग. चैत्रापासनं, पहिल्यापासनं. मी मधी बोलणार न्हाई."