जिंतूरच्या उंबऱ्यावरील नऊ दिवसांचा वेढा

श्री नरसिंह पोखर्णीकर समर्थ.

राजमान्य राजश्री समस्त पाथरीकर मित्रमंडळ, व मंडळाचे ग्रुप ॲडमिन, बसस्थानकासमोरील पानटपरीचे धनी बजरंगराव यांचे सेवेसी दंडवत विशेष. साहेबीं ग्रुपवर पुसिले की, शिवप्रसादराव सासरवाडीस जिंतुरास गेले ते परतले नाहीत, टपरीवर पाय नाही, फोन उचलीत नाहीत, तरी घरजावई जाहले की काय? ऐशी कंडी कोणी पिकविली ते ठाऊक आहे, परंतु ती लटकी आहे. जिंतूर मुक्कामी जे घोर युद्ध जाहले त्याची साद्यंत हकीकत खाली लिहिली आहे. ती चित्त देऊन वाचावी, मध्येच हसण्याची चित्रे टाकू नयेत.

शिवप्रसादराव वयाने एकोणतीस, खते-बियाणांचे दुकानी चाकरीस. पैकी अकरा वर्षे धुरात गेली. रोजचा खुराक सिगारेटी दहा, पाऊस लांबला की बारा. सिगारेट सोडण्याच्या चार मोहिमा रावांनी यापूर्वी काढिल्या होत्या. पहिली एक जानेवारीस निघाली, ती दुपारच्या चहास माघारी आली. दुसरीत औषधी च्युइंगम आणविले, तेव्हा एका गालात च्युइंगम आणि दुसऱ्या बाजूने सिगारेट ऐसा दुहेरी अंमल बसला. तिसरीत पोखर्णीस जाऊन नरसिंहासमोर शपथ घेतली, आणि शपथ उत्तम जाहली या आनंदात देवळाबाहेर येऊन एक ओढली. चौथी कधी निघाली आणि कधी मोडली याचा दाखला सापडत नाही.

शके १९४७ फाल्गुन मासी खबर आली की, रावांचे कुटुंब राजनंदिनीबाई माहेरी जिंतुरास प्रसूत होऊन कन्यारत्न जाहले, आणि तिसरे दिवशी बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली. मग राव पेढ्यांचा पुडा घेऊन एस.टी.ने कूच करते जाहले. वाटेत पाथरीस एक, मानवतास एक, परभणीस गाडी बदलताना दोन आणि बोरीस एक ऐशा पाच ओढून, वरून मूठभर बडीशेप चावून, आता कोणास काही कळणार नाही ऐशा भरवशाने सासरच्या दारी उभे राहिले.

दारात रावांच्या सासूबाई केशरबाई मातोश्री नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. या घराचा रिवाज ऐसा की, सासूने जावयाशी समोरासमोर बोलू नये. लग्नास चार वर्षे जाहली, थेट शब्द एक नाही. जे सांगणे ते मांजरास सांगावे, ताटास सांगावे, भिंतीस सांगावे, आणि जावयाने ऐकून घ्यावे. मातोश्रींनी वास घेतला, पदर नाकास लाविला आणि तीन दिवसांच्या कन्येस उद्देशून फर्मान सोडिले, "बाळे, तुझ्या बापाला सांग, आमी धुराड्याच्या हाती लेकरू देत न्हाव. नऊ रोज वास नगं. मग बारशाला मांडीवर देईन. न्हाईतर उंबऱ्याच्या भायेर बसून पेढे खावा म्हणावं."

कन्येने जांभई दिली. तोच शिक्का समजून फर्मान जारी जाहले.

रावांनी बाहेरून पाहिले तो दुपट्यातून मूठ तेवढी वर आलेली, बोराएवढी, घट्ट मिटलेली, जशी काही मुद्देमाल धरून आली आहे. त्या मुठीत आपले बोट द्यावे ऐसे मनात आले, आणि हात पुढे गेला, आणि उंबऱ्यावर मातोश्रींची करडी नजर आडवी आली. मग रावांनी खिशातील सिगारेटीचे पाकीट काढून नळाखाली धरिले, दुकानमालकास फोन करून पेरणीस अवकाश आहे सबब रजा मागितली, आणि ओसरीवर सतरंजी टाकून मोर्चा लाविला.

वास तपासणे कोणी, हा पेच पडला. सासूने जावयाचे तोंड हुंगावे हे कोणत्याच शास्त्रात बसेना. तेव्हा हे काम सासरे मुंजाजी पाटील यांजकडे आले. मुंजाजी रोज सकाळी धोतर सावरीत येत, रावांसमोर उकिडवे बसत आणि म्हणत, "हा करा बापू." रावांनी हा करावा. मुंजाजींनी डोळे मिटून विचार करावा आणि आत वर्दी द्यावी, "वास न्हाई. कांदा हाय." ऐसा मुआयना गल्लीतील शाळकरी मुले दप्तरे घेऊन उभी राहून पाहात.

पहिले दोन दिवस फार भारी गेले. डोके ठणके, मुंग्यांची रांग पाहिली तरी राग येई, आणि सकाळचा विधी जो आजवर धुराच्या हुकुमाने होत असे तो हुकूमच न आल्याने तटून बसला. तलफेची रीत ऐशी की, ती वेढा घालीत नाही, छापा घालते. चहा संपला की छापा, जेवण जाहले की छापा, आणि कोठे काही नाही, नुसते आभाळ पाहिले, तरी छापा. तिसरे प्रहरी राव चपला घालून कोपऱ्यावरील दुकानाकडे चार पावले गेले देखील, तो समोरून आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या राजेश्रीताई येताना दिसल्या. या त्याच गल्लीच्या लेक, म्हणून रावांस दाजी म्हणत.

"दाजी, कुटं जायलाव?"

"जरा पाय मोकळे करायलो."

"पाय मोकळे की तोंड?" ऐसे म्हणून त्यांनी रावांस माघारी वळविले आणि ओसरीवर बसवून मसलत दिली की, तलफ मोठी फौज दिसते, परंतु तिची रसद पाच मिनिटांची, तेवढा वेळ तग धरिला की आपोआप उठून जाते. तेव्हा घड्याळ लावावे, पाणी घोट घोट प्यावे, श्वास सावकाश सोडावा, दुकानाच्या वाटेने जाऊच नये, आणि हात रिकामा ठेवू नये, कारण सिगारेट तोंडाआधी हाताला हवी असते.

हाताला काय द्यावे, तो मुंजाजींनी आतून पोळपाट-लाटणे आणून ठेविले. उन्हाळी कामांचे दिवस, घरात उडदाच्या पापडांचे पीठ तिंबून तयार होते. राव जन्मात पोळीस शिवले नव्हते. परंतु तलफ आली, घड्याळ लाविले आणि पहिला पापड लाटिला, तो महाराष्ट्राच्या नकाशासारखा जाहला, कोकण थोडे जाड. पाच मिनिटांत तीन पापड पडले आणि तलफ गेली. मग दर छाप्यास तीन पापड ऐसा कायदा बसला. चौथे दिवशी घरचे पीठ संपले. ही खबर गल्लीत फुटली, आणि बायका लाट्यांचे डबे घेऊन येत्या जाहल्या. शेजारच्या सरजाबाई तर कुंपणावरून रोज पुसत, "राजनंदे, दाजीला तलफ आली का गं? न्हाई तर मी दुपारून येते."

ऐसे चार दिवस बिनधुराचे पदरी पडले. पाचवे दिवशी प्रातःकाळी राव पापड वाळत घालण्यास गच्चीवर गेले, तो पाण्याच्या टाकीमागून धूर निघे. पाहतात तो केशरबाई मातोश्री तीन विटांवर फुटका तवा मांडून, कागदाची पुडी उलटी करून, काळा चुरा भाजीत बसल्या आहेत. ती मिश्री. मातोश्री दिवसातून चार वेळा ती दातांस घाशीत हे सर्वांस ठाऊक होते, आणि ते दंतमंजन आहे हेही सर्वांस ठाऊक होते. परंतु पुडीवर तंबाखूचे पान छापिले होते, आणि तो धूर रावांच्या नाकात शिरला मात्र, अकरा वर्षे एकदम उठून उभी राहिली. राव टाकीस धरून पाच मिनिटे उभे राहिले. जवळ लाटणे नव्हते. पापड वाळत घालून खाली आले, अंगभर वास घेऊन.

खाली मुंजाजी तयार. हा जाहला. मुंजाजींचा चेहरा पडला. "बापू," ते हळू म्हणाले, "तोंडाचं सांगत न्हाई. पर सदरा बोलायलाय."

आतून तत्काळ फर्मान आले, "बाळे, बापाला सांग, आजपून पुन्हा एक."

आता रावांस संकट पडले. खरे सांगावे तर सासूची अब्रू, न सांगावे तर नऊ दिवस नव्याने, म्हणजे बारसे हातचे गेले. आणि तेवढ्यात आत पाहिले, तो मातोश्री सहाणेवर गुटी उगाळून बोटावर घेत होत्या. बोट मिश्रीने काळे, आणि तेच बोट बोराएवढ्या मुठीवरून कन्येच्या तोंडाकडे चालले. तेव्हा रावांस राहवले नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून, घरचाच रिवाज धरून, कन्येस उद्देशून मोठ्याने बोलिले, "बाळे, तुझ्या आजीला इचार, गच्चीवर काय भाजायल्या व्हत्या. आन् तेच बोट तुझ्या तोंडात कामून?"

फोडणीतली मोहरी तेवढी बोलत होती.

मातोश्री कडाडल्या, "ती मिश्री हाय!" हे भिंतीस म्हणाल्या की बाळास, याबद्दल एकमत नाही.

राजेश्रीताई सातव्या दिवसाच्या भेटीस बाळाचे वजन करण्यास आल्या होत्या, त्यांजकडे निवाडा आला. त्यांनी पुडी मागविली, वाचली. म्हणाल्या, "मावशी, ही तंबाखू हाय."

"भाजली की तिची मिश्री हुती."

"कोंबडं भाजलं की त्याचं वांगं हुतं का?"

मुंजाजी हसले, आणि लागलीच खोकल्याचे निमित्त केले. राजेश्रीताईंनी मग आवाज उतरवून सांगितले की, या वयाच्या लेकरास गुटी नाही, मध नाही, आईचे दूध तेवढे. आणि तंबाखूचे बोट तर कधीच नाही, मग ती ओढलेली असो की घासलेली. दाजींचे चार दिवस कायम. सदरा बदलावा.

मातोश्रींनी आपले बोट पाहिले. बराच वेळ पाहिले. चाळीस वर्षे ते बोट काळेच होते, त्यामुळे काळे आहे हे ध्यानी आले नव्हते. मग नात राजनंदिनीबाईंच्या ओटीत ठेविली, हात राखेने घासले, साबणाने घासले, मिश्रीची डबी नळाखाली धरिली आणि उंबरा ओलांडून बाहेर आल्या आणि ओसरीवर बसल्या. "नऊ रोज," ऐसे पोळपाटास म्हणाल्या. कोणी हुकूम केला नव्हता. आपला कायदा आपणच आपल्यावर चालविला.

येथून युद्धास निराळा रंग चढला. मातोश्रींची तलफ चाळीस वर्षांची, जुनी, पिढीजात. पहिल्या रात्री जबडा धरून बसल्या, दुसरे दिवशी मुंजाजींचा चहा गोड जाहला म्हणून आणि मग अगोड जाहला म्हणून भांडल्या, तिसरे दिवशी मांजर घर सोडून गेले. राव पीठ पुढे सरकवीत, घड्याळ लावीत. सासू-जावई समोरासमोर बसून मुकाट लाटीत, एक शब्द नाही, पापडावर पापड. ऐन छाप्यात मातोश्रींच्या हातून लाटणे गळे, तेव्हा राव लवंग पुढे करीत आणि लवंगेसच सांगत, "अजून दोन मिनिटं."

ऐसे करिता बारसे आले. मुंजाजींनी भर मंडपात शेवटचा हा घेतला आणि वर्दी दिली, "नऊ भरले. कायी न्हाई. नुसता माणसाचा वास." पाळणा जाहला, आत्याबाईंनी कानात मैथिली ऐसे नाव सांगितले, आणि राजनंदिनीबाईंनी कन्या उचलून उंबऱ्यावर आणिली आणि रावांच्या हाती दिली. राव हजार-बाराशे पापडांचे सरदार, परंतु त्या वेळी कन्येची मान कोणत्या हाती धरावी ते सुचेना. तेव्हा ओसरीवरून आवाज आला. मांजर नव्हते, ताट नव्हते, भिंत लांब होती.

"बापू, मान धरा. मान. हां, अशी."

लग्नानंतरचा हा पहिला थेट शब्द. राव वळले. मातोश्री पोळपाट पोटाशी धरून बसल्या होत्या, त्यांचे पाच दिवस भरले होते, चार राहिले होते. मुंजाजी म्हणाले, आज सणाचा दिवस, घे की लेकराला एक डाव. मातोश्रींनी मान हलवून नकार दिला. मग राव आत गेले नाहीत. कन्या घेऊन ओसरीवरच, मातोश्रींपासून हातभर अंतर राखून, त्यांस कन्येचे तोंड दिसेल ऐसे बसले, आणि मुठीत बोट दिले, आणि मुठीने ते धरिले. दुकानमालकास निरोप गेला की रजा चार दिवस वाढवावी, इकडील ठाणे एकट्याने राखण्याजोगे नाही.

येणेप्रमाणे जिंतूर मुक्कामी, नऊ दिवसांचे वेढ्याअंती, शिवप्रसादरावांची फत्ते जाहली. हाती आले ते एक कन्या, वजन दोन किलो नऊशे, आणि एक बोट, तूर्त अडकलेले. ऐन फत्तेच्या समयी तलफ उभयतांवर एकदम चालून आली होती, परंतु कन्या निजली होती, सबब कोणी जागचे हालले नाही. कळावे.