दुखणं न होणारा उंदीर

“आमच्या सबिनानं दुखणंच न होणारा उंदीर बनवलाय!”

भिगवणच्या मासळी बाजारात, चिलापीच्या ढिगापुढं उभं राहून अमीरभाईंनी हे जाहीर केलं. लिलाव थांबला!

सबिनाला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. बारामतीच्या एका प्रयोगशाळेत ती उंदरांवर काम करायची, एवढं खरं. बाकी सगळं उलटं! मेंदूत एक दार असतं, मॉर्फिनसारखी औषधं त्या दारातून शिरतात आणि दुखणं शमवतात, असं तिनं अब्बांना जेवताना सांगितलं होतं. तिच्या उंदरांच्या जनुकांत बदल करून ते दारच काढून टाकलं होतं. त्या बिचाऱ्यांना कितीही मॉर्फिन द्या, दुखायचं ते दुखणारच.

अब्बांनी त्यातलं ‘दार काढून टाकलं’ एवढंच धरलं. दुखणं आत यायचं दारच गेलं, असा अर्थ लावून ते मोकळे झाले.

तसा अर्थ लावायला कारण होतं. कारण त्यांच्या मणक्यात होतं. कर्करोग हाडांत उतरला होता. त्यांना आडवं होता येत नव्हतं. बसून झोपायचे, म्हणजे झोपायचेच नाहीत. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. अमीरभाईंनी हात लावला नाही.

“अफूच ना ती? जन्मात तंबाखूला बोट लावलं न्हाय मी. आता मरताना नशा करू?”

अशा घरात एका रविवारी सबिनाच्या बॅगेत पुडी निघाली. बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी कांड्या. उंदरांचं खाद्य! नवं पोतं फारच भुसभुशीत निघालं, म्हणून पुरवठादाराला दाखवायला तिनं मूठभर घेतलं होतं. ती आंघोळीला गेली आणि उंदरांचं दुखणं घालवणारं औषध ते हेच, असं ठरवून अमीरभाईंनी बिस्मिल्ला म्हणून दोन कांड्या चावल्या.

दुपारी ते आडवे झाले. आणि घोरले!

सबिनाला पुडी सापडेना. विसरले असेन कुठं, म्हणत ती बारामतीला गेली. पुढच्या रविवारी आली, तर दारात चपलांचा ढीग!

“आली डाक्टरीन!” शेजारचे महिपतीतात्या उठले. टोमॅटोच्या सरीत ऊठबस करून तात्यांचे गुडघे कधीच गेले होते, आणि ते कशाचाही आधार न घेता उठले! “पोरी, कांडी लई गुणाची. पन अर्धीच दिली तुज्या बानं. चिंगूस!”

“कसली कांडी?”

“उंदराची!”

तोवरचा निकाल असा :

अमीरभाई : झोप.

महिपतीतात्या : गुडघा वाकतो.

इंदापूरचे मेहुणे : कंबर हलकी. अजून पाहिजे.

ठमाबाई (तात्यांची बायको, दाढदुखी) : ढेकर.

सबिनानं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात अब्बा आतून चालत आले आणि चारचौघांत मांडी घालून बसले. मांडी घालून!

तिनं तोंड मिटलं.

काय झालंय ते तिला कळत होतं. माणसाचा भरवसा बसला की मेंदू स्वतःच अफूसारखं काहीतरी तयार करतो, आणि ते त्याच दारातून आत जातं. तिच्या उंदरांत हे घडलंच नसतं. इथं मात्र घडत होतं. ठमाबाई सोडून.

पुढच्या खेपेला तिनं स्वतःच मूठभर कांड्या आणल्या. शिकलेली मुलगी!

कांड्या संपायच्या आधी त्यांचा गुण संपला. आजार पुढं सरकला होता. दोन खायचे तिथं अमीरभाई चार खाऊ लागले, आणि एका सकाळी असे ओरडले की तात्या आणि ठमाबाई हातातलं टाकून धावत आले. सबिना बारामतीहून मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन पोचली.

“अफू नको. उंदराची दे. जास्त दे.”

“अब्बा, ते औषध नव्हतं.”

“मग काय हुतं?”

“उंदरांचं जेवण.”

अमीरभाईंनी तात्यांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तात्यांनी हळूच गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा तिथल्या तिथं दुखायला लागला!

“तरीच!” ठमाबाई म्हणाल्या. “मला पेंडीचा वास येत हुता!”

“काय असतं त्यात?” अमीरभाईंनी विचारलं.

“गहू, मका, सोयाबीन.”

“नशा न्हाय?”

“नाही.”

“म्हंजे नशेबिगर झोपलो मी.”

“झोपलात अब्बा. पण आता नाही ना झोपता येत? घ्या.”

त्यांनी हात पुढं केला.

संध्याकाळी त्यांना जाग आली. सबिना उशाशीच होती.

“दुखतंय?”

“न्हाय. पन कांड्या बऱ्या हुत्या.”

“या गोळीनं खरंच थांबतं, अब्बा.”

“थांबतं की. हिनं दुखणं थांबतं. कांड्यांनी मी बरा व्हत हुतो.”

प्रयोगशाळेत सबिनाला असं कुणी उलटून बोलत नाही.

बाहेरून ठमाबाईंची हाक आली. “सबिना, उरल्यात का गं कांड्या? कोंबड्यांना घालते. वाया कशाला?”

“संपल्या!” अमीरभाई आतून ओरडले, आणि उशीखालची पुडी काढून, भिंतीकडं तोंड करून, एक कांडी चावू लागले.