नत्थूजींचं लॉन

"हॉल काहून पाह्यजे?" नत्थूजींनी मुलीच्या साखरपुड्यासाठी होणाऱ्या व्याह्यांना फोनवर ठणकावलं. "रोशनीचं साक्षगंध आपल्या सोताच्या लॉनवर होईन! तुमी फक्त पोराले घेऊन या!"

फोन ठेवल्यावर त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. एक डेरेदार कडुनिंब आणि बाकी सगळी माती!

"लॉन कुठी हाय जी?"

"लावतो नं! पावसाळा तोंडावर हाय. दसऱ्यापर्यंत पाहजो, गालिचा!"

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात उभी हयात बॉयलर सांभाळलेला माणूस. त्याच्यापुढे गवताची काय टाप! मित्राच्या शेताच्या बांधावरून नत्थूजी पोतंभर हरळी घेऊन आले. तुळजाबाईंनी कपाळावर हात मारला.

"अवं माय! हिले मारू मारू लोकं थकले, अन् तुमी पोतं भरून घरी आणून राहिले?"

"ते मारून राहिले म्हणून थकले. मी जगवून राहिलो!"

हरळी जगली. फक्त तिला ऊन लागतं, आणि कडुनिंबाखाली उन्हाचा कवडसाही पडत नव्हता. मग ती ऊन शोधायला निघाली. फरशीच्या फटी झाल्या, तुळशीवृंदावन झालं, आणि शेवटी भिंतीखालून शिरली ती थेट शेजारच्या मार्तंडरावांच्या गुलाबांत!

मार्तंडराव निवृत्त हेडक्लार्क. गुलाबांना पोटच्या लेकरासारखं जपायचे. नेमके ते आणि चारुशीलाबाई मुलाकडे पुण्याला गेले होते. जाताना सांगून गेले, "नत्थूजी, गुलाबांकडे लक्ष ठेवा हं!"

वाफ्यात हरळी दिसली आणि नत्थूजींना घाम फुटला. त्यांनी फावडं उचललं, कोथिंबीर चिरावी तशी हरळी चिरली आणि तिथंच मातीत मिसळली. "खतम! आता खत होईन तिचं!"

पण हरळीला पेरापेरातून फुटवा येतो. वर आठवडाभर झड लागली. एका हरळीच्या हजार झाल्या! नत्थूजींनी घाबरून पुन्हा फावडं चालवलं. हजाराच्या लाख झाल्या, आणि गुलाब मुळासकट हातात आले.

मार्तंडराव परतले ते फाटकातच थिजले. "माझे गुलाब कुठं आहेत?"

"खाली असतीन जी," नत्थूजी पुटपुटले.

त्या दिवसापासून मार्तंडरावांनी बोलणं टाकलं. इकडे नत्थूजींचं अंगण मात्र कढईच्या बुडासारखं काळं कुळकुळीत!

साक्षगंधाचा दिवस उजाडला. नत्थूजी चिखलावर सतरंजी अंथरत होते, तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि हिरवळ पाहून सरळ मार्तंडरावांच्या दारात थांबल्या! व्याही ओमप्रकाशजी चपला काढून गवतावर चालायलाच लागले.

"वा नत्थूजी! बोलले तसं करून दाखवलं!"

मार्तंडराव बनियनवर बाहेर आले. नत्थूजी भिंतीपलीकडे हात जोडून उभे. रोशनी दारातून पाहत होती, नवी साडी नेसून, रडकुंडीला आलेली. या पोरीनं लहानपणी मार्तंडरावांच्या मांडीवर बसून बाराखडी गिरवली होती. मार्तंडरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"हो, हे लॉन नत्थूजींनीच लावलं," ते म्हणाले. "इथं माझे गुलाब होते. पण त्यांनी ऐकलंच नाही!"

"शेजाऱ्यासाठी एवढी मेहनत!" ओमप्रकाशजी गहिवरले.

चारुशीलाबाईंनी खुर्च्या काढल्या. साक्षगंध त्याच हिरवळीवर झालं, पोरं मनसोक्त लोळली, आणि जेवताना मार्तंडरावांनी नत्थूजींच्या पानात स्वतःच्या हातानं दुसरी पुरणपोळी वाढली. नत्थूजींचे डोळे भरून आले.

निघताना ओमप्रकाशजी वाकून म्हणाले, "व्याही, याच्या दोन काड्या द्या नं. आमच्या बंगल्यात लावतो."

नत्थूजींनी तोंड उघडलं. पण त्याआधीच मार्तंडराव फावडं घेऊन धावत आले होते, आणि बोलले तेही नत्थूजींच्याच बोलीत.

"दोन कशाला? पोतं भरून न्या! अन् लावायले नत्थूजी सोता येतीन!"